जांभ्याचा तांबडा की सेपियाचा तपकिरी?

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या गावातली जुनी कौलारू घरे, पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि गडगे (दगडी कुंपणे) यांची छायाचित्रे मी काढत आहे. पुढे गावातच त्यांचे प्रदर्शन भरवायचे आहे. घरच्या मंडळींच्या मते जुन्या गावाला तपकिरी छटेची कृष्णधवल चित्रेच शोभतात. मला मात्र रंग सोडवत नाहीत. काय करावे?

उत्तर : बाहेरच्या चित्रांपुरता तरी मी आपल्या बाजूने आहे. जांभा दगडाचा तांबडेपणा त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, म्हणजे घराचा रंग हा तिथल्या जमिनीचाच रंग असतो. नुकताच तासलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, आणि अनेक पावसाळे खाऊन काळवंडलेला चिरा यांतला फरक रंगीत चित्रात एका नजरेत कळतो आणि भिंतीचा कोणता भाग मागाहून बांधला, हेही त्यावरून ताडता येते. शिवाय तांबडा जांभा आणि हिरवे रान यांची उजळता पुष्कळदा जवळजवळ सारखी असते, त्यामुळे नुसता रंग काढून टाकला की गडगा आणि झाडी एकाच करड्यात विरघळतात. कृष्णधवलच करायचे असेल, तर चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये घ्यावे आणि संगणकावर रूपांतर करताना तांबड्या-नारिंगी रंगांची पट्टी वर, हिरव्या-पिवळ्याची खाली न्यावी. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढचा नारिंगी किंवा तांबडा फिल्टर करीत असे.

घरात शिरल्यावर मात्र माझे मत बदलते. माजघरात काचेच्या कौलातून उतरणारा कवडसा, धुराने काळे पडलेले वासे, खांबावरचे कोरीवकाम, या साऱ्यांत रंग थोडा आणि उजेड-अंधाराचा खेळ मोठा असतो. छपराचेही तसेच आहे. हाताने घडवलेले जुने नळे (अर्धगोल कौले) आणि मंगळूरला 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कारखाना काढल्यानंतर किनाऱ्यावर पसरलेली मंगलोरी कौले यांतला भेद मुख्यतः आकाराचा आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात तो कृष्णधवल चित्रात अधिक ठसठशीत उमटतो. पडवीवरची निळी ताडपत्री झाकण्यासाठी मात्र कृष्णधवलचा आसरा घेऊ नये, असे मला वाटते. तीही आजच्या घराचाच भाग आहे.

तपकिरी छटेविषयी घरच्यांना एवढे अवश्य सांगावे की, सेपियाच्या रासायनिक प्रक्रियेत कागदावरील चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होते आणि त्यामुळे चित्र अधिक टिकते. संगणकावर दिलेल्या छटेने असे काहीच साधत नाही. उलट ती गडद असेल, तर ज्या घरात आज माणसे नांदत आहेत ते घर उगाच ओसाड भासते. म्हणून छटा द्यायचीच तर गडद भागांना किंचित उबदारपणा द्यावा, पांढऱ्याला हात लावू नये आणि सर्व कृष्णधवल चित्रांना एकच छटा ठेवावी. ही चित्रे रंगीत चित्रांच्या अधेमधे न लावता वेगळ्या भिंतीवर मांडावीत.

अशा हलक्या छटेचा छपाईत एक व्यावहारिक फायदाही होतो. इंकजेट छपाईत निव्वळ करडा रंग कधी हिरवट, तर कधी जांभळट उतरतो. उबदार छटेत तो दोष सहसा डोळ्यांवर येत नाही. तरीही सगळी चित्रे छापून घेण्यापूर्वी एक नमुना प्रदर्शनाच्या जागीच, तिथल्या दिव्यांखाली पाहावा, कारण पिवळ्या प्रकाशात तपकिरी रंग अधिकच पिवळा दिसतो.