सोसायटी एक, प्रभाग दोन: हरकत कशी घ्यायची?

प्रश्न: जुळे सोलापूर भागात आमची तीन इमारतींची, 72 फ्लॅटची सोसायटी आहे. बांधकाम 2014 साली पूर्ण झाले. महापालिकेच्या 2025 च्या प्रारूप प्रभाग रचनेत आमच्या ए आणि बी विंग एका प्रभागात, तर सी विंग शेजारच्या प्रभागात गेली आहे. गेट एक, नळजोड एक, बोअर एक, आणि नगरसेवक मात्र वेगवेगळे. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. काही सभासद म्हणतात, सगळ्यांच्या सह्यांचे निषेधाचे निवेदन देऊ. काही म्हणतात, थेट हायकोर्टातून स्थगिती आणू. एका इच्छुक उमेदवाराने तर सी विंगच्या लोकांनी मतदार यादीत ए विंगचा पत्ता करून घ्यावा, असे सुचवले आहे. हरकतीला सहा दिवस उरले आहेत. काय करावे?

उत्तर: ताई, सर्वांत आधी त्या पत्ता बदलण्याच्या सल्ल्याविषयी. तसे अजिबात करू नका आणि कोणाला करू देऊ नका. जिथे राहत नाही तिथला पत्ता मतदार यादीसाठी देणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापन करणे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 च्या कलम 31 नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सही तुमच्या सभासदाची असेल, त्यामुळे अडकेल तो सभासद. सल्ला देणारा बाजूला राहील. शिवाय उपयोगही नाही. या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी धरली आहे. आज पत्ता बदलला तरी महापालिकेच्या यादीत तो येणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ही रेषा कोणी मुद्दाम तुमच्या आवारातून ओढली असेल, असे गृहीत धरू नका. प्रभाग आजच्या घरांवरून आखत नाहीत, 2011 च्या जनगणनेवरून आखतात. जनगणनेत शहराचे छोटे तुकडे केलेले असतात, त्यांना प्रगणक गट म्हणतात. एका गटात साधारण सहाशे-सातशे माणसे. हे गट शक्यतो न फोडता एकाला एक जोडत प्रभाग तयार करतात. तुमची सोसायटी 2014 ची, म्हणजे 2011 साली तिथे मोकळी जमीन होती. 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात अशा मोकळ्या जागा भरपूर होत्या, आणि तिथल्या प्रगणक गटांची हद्द बांध, ओढा, पाऊलवाट अशा खुणांवरून ठरलेली असते. नंतर त्या बांधावर लेआउट पडला, इमारती उभ्या राहिल्या, पण जनगणनेच्या कागदावर जुनी हद्द तशीच राहिली. बहुधा तीच हद्द आज तुमच्या बी आणि सी विंगच्या मधून जाते आहे.

हे कळले की हरकतीचा सूरच बदलतो. 2011 मध्ये तिथे कोणी राहत नव्हते, म्हणजे प्रभाग रचनेच्या हिशोबात तुमच्या 72 फ्लॅटची लोकसंख्या शून्य आहे. सी विंग इकडची तिकडे केली तर दोन्ही प्रभागांच्या आकड्यात एकाचाही फरक पडत नाही. तुमच्या हरकतीतला सर्वांत जोरकस मुद्दा हाच आहे, कारण बहुतेक हरकती आकड्यापाशीच अडतात.

आकडे कसे अडवतात तेही समजून घ्या. सोलापूर शहराची 2011 ची लोकसंख्या 9,51,558. सहा लाखांवरच्या शहराला किमान 85 सदस्य आणि पुढच्या प्रत्येक 20 हजारांना एक, या कायद्याच्या सूत्राने वरच्या साडेतीन लाखांसाठी 17, असे मिळून 102 सदस्य झाले. 2017 प्रमाणेच 26 प्रभाग, त्यातले 24 चार सदस्यांचे आणि 2 तीन सदस्यांचे. एका सदस्यामागे 9,329 लोक येतात. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 37,316. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणून खालची मर्यादा सुमारे 33,584 आणि वरची 41,047. तीन सदस्यांच्या प्रभागासाठी हेच आकडे सरासरी 27,987, आणि मर्यादा साधारण 25,188 ते 30,785. समजा शेजारचा प्रभाग आधीच 33,900 वर आहे आणि एखाद्याने त्यातला सहाशे माणसांचा गट आपल्याकडे मागितला, तर तो प्रभाग मर्यादेखाली जातो. मग त्याला दुसरीकडून गट द्यावा लागतो, त्याच्या शेजाऱ्याचे गणित बिघडते, आणि एका मागणीपायी पाच प्रभाग हलवावे लागतात. ती मागणी फेटाळली जाणे ठरलेलेच. तुमच्या मागणीत हा धोका नाही. तेव्हा ‘आमच्यावर अन्याय झाला’ यात दोन पाने घालवू नका. लोकसंख्या हलत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पण त्याआधी रेषा नेमकी कुठून जाते ते कागदावर बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशाच्या फोटोवर जाऊ नका, त्यात रेषेची जाडीच एका इमारतीएवढी असते. महापालिकेच्या निवडणूक कार्यालयात किंवा संकेतस्थळावर प्रारूपासोबत तीन गोष्टी असतात: नकाशा, प्रत्येक प्रभागाच्या उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम सीमांचे शब्दांतले वर्णन, आणि प्रभागातल्या प्रगणक गटांची लोकसंख्येसह यादी. दोन्ही प्रभागांचे तिन्ही कागद घ्या. मग तीनपैकी एक चित्र दिसेल.

रेषा दोन गटांच्या हद्दीवरूनच जात असेल, तर वर सांगितलेला शून्य लोकसंख्येचा मुद्दा लागू पडतो.

रेषा एकाच गटाच्या पोटातून जात असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम. गट शक्यतो फोडू नये, ही मार्गदर्शक सूचनाच आहे. गटाचा क्रमांक लिहून तो अखंड एका प्रभागात ठेवण्याची मागणी करा.

तिसरी शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी ठरते: नकाशा एक सांगतो आणि शब्दांतले वर्णन दुसरेच. वर्णनात ‘18 मीटर रस्त्याने दक्षिणेकडे’ असे असते आणि नकाशात रेषा त्या रस्त्याच्या अलीकडून, एखाद्या आवारातून गेलेली असते. अशा वेळी वाद घालायचे कारण उरत नाही, विसंगती दाखवायची. पण नकाशा आणि वर्णन दोन्ही दुरुस्त करा, असे स्पष्ट मागा. एकच दुरुस्त झाले तर मतदार यादी फोडताना पुन्हा घोळ होतो.

जून 2025 मधील नगरविकास विभागाच्या आदेशातल्या दोन सूचनाही हरकतीत घ्या. प्रभागाची हद्द शक्यतो मोठे रस्ते, नाले, नदी, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणांवरून न्यावी, आणि एक इमारत दोन प्रभागांत विभागू नये. तुमची इमारत फुटलेली नाही, आवार फुटले आहे, म्हणून दुसऱ्या सूचनेचा आधार पूर्ण लागू होतो असे ठासून म्हणू नका. सुनावणीत ‘सी विंग स्वतंत्र इमारत आहे’ असे उत्तर येईल आणि तुमचा चांगला मुद्दाही दुबळा वाटायला लागेल. पहिली सूचना मात्र नेमकी लागू पडते. सोसायटीचा अंतर्गत सिमेंटचा रस्ता ही ठळक खूण नाही, बाहेरचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता मात्र ठळक खूण आहे.

हरकतीचा गाभा असा ठेवा:

‘प्रभाग क्र. __ च्या पूर्व सीमेच्या वर्णनात “__ पासून __ पर्यंत” असा उल्लेख आहे. ही सीमा सर्व्हे क्र. __ मधील आमच्या आवारातून जाते. सदर जागेवर 2011 मध्ये वस्ती नव्हती. बांधकाम परवाना व वापर परवाना सोबत जोडला आहे. सीमा आवाराच्या पूर्वेकडील सार्वजनिक रस्त्यावरून नेल्यास दोन्ही प्रभागांच्या लोकसंख्येत बदल होत नाही. सीमेचे वर्णन पुढीलप्रमाणे वाचावे: __.’

शेवटची ओळ कधी सोडू नका. नुसते ‘योग्य तो बदल करावा’ लिहिले तर काय बदल हवा ते अधिकाऱ्याला शोधावे लागते, आणि शेकडो हरकती समोर असताना तेवढा वेळ कोणी देत नाही.

सोबत बांधकाम परवाना, वापर परवाना, मिळकत कराच्या पहिल्या आकारणीची नक्कल, मंजूर लेआउट आणि प्रारूप नकाशाच्या छापील प्रतीवर लाल पेनने दाखवलेली सध्याची व मागितलेली रेषा. आकारणीची नक्कल तुमच्या झोन ऑफिसातून मिळेल. सहा दिवसांत सगळे मिळाले नाही तर वापर परवाना आणि लाल रेषेचा नकाशा, या दोघांवर हरकत दाखल करा, बाकीचे सुनावणीत द्या. मुदत चुकवू नका. मुदतीनंतर आलेली हरकत कितीही योग्य असली तरी तिला सुनावणी मिळत नाही.

सह्यांच्या निवेदनाबद्दल. 72 घरांनी एकाच मजकुराच्या 72 झेरॉक्स दिल्या तर नोंद 72 हरकतींची होईल, पण निकाल एकाच ओळीत लागेल. त्यापेक्षा दोनच हरकती द्या. एक सोसायटीची, लेटरहेडवर, व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत जोडून. ठरावात तुम्हाला हरकत दाखल करण्याचा आणि सुनावणीत बाजू मांडण्याचा अधिकार दिल्याचे स्पष्ट लिहा, नाहीतर सेक्रेटरी म्हणून केलेल्या सहीवर तिथेच शंका निघते. दुसरी सी विंगमधल्या एखाद्या मतदाराने स्वतःच्या नावाने द्यावी, कारण प्रत्यक्ष बाधित तो आहे. पुढे कोर्टाची वेळ आली तर ‘मी मुदतीत हरकत घेतली होती’ हे त्याला छातीठोकपणे म्हणता येईल. दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

हरकतीत काय घालू नये, तेही सांगतो. चार सदस्यांचा प्रभाग नको, हे तुमचे मत योग्य असू शकेल, पण ती पद्धत कायद्याने ठरली आहे, सुनावणी घेणारा अधिकारी ती बदलू शकत नाही. आजची लोकसंख्या धरा, ही मागणीही तिथे चालत नाही. कोणती जागा महिलांसाठी, कोणती अनुसूचित जातीसाठी, याची सोडत वेगळी निघते आणि तिच्या हरकतीही वेगळ्या. अमक्या नगरसेवकाच्या सोयीसाठी रेषा ओढली, असे पुराव्याशिवाय लिहिले की अधिकाऱ्याचे लक्ष नकाशावरून उडून राजकारणाकडे जाते. नुकसान तुमचेच.

सुनावणीत तुम्हाला फार तर काही मिनिटे मिळतील. एकच माणूस बोलू द्या. लाल रेषेचा नकाशा टेबलावर ठेवा, वापर परवान्याची तारीख दाखवा, लोकसंख्या बदलत नाही हे सांगा आणि थांबा. पाणी पाच दिवसांआड येते, ड्रेनेज तुंबते, या तक्रारी खऱ्या आहेत, पण तिथे त्या काढल्या की वेळ संपतो. फक्त एक नागरी मुद्दा जरूर मांडा: नळजोड आणि ड्रेनेजची लाइन सामायिक असल्याने एकाच कामासाठी दोन प्रभागांच्या सदस्यांकडे जावे लागेल.

आता हायकोर्ट. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, म्हणजे मुंबईची फेरी वाचली. पण प्रारूपावर आज याचिका केली तर ‘आधी हरकत घ्या’ हेच ऐकावे लागेल. अंतिम रचनेनंतरही वाट अरुंद आहे. संविधानाच्या अनुच्छेद 243-झेडजी मध्ये दोन अडसर आहेत: मतदारसंघ आखण्याच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारता येत नाही, आणि निवडणूक फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हानित करता येते. न्यायालयाचे दार अगदी बंद मात्र नाही. 2024 मध्ये गुजरातच्या किशोरचंद्र राठोड प्रकरणात, लोकसभा-विधानसभा मतदारसंघांबाबतच्या अशाच अडसराबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उघड मनमानी असलेला आणि संविधानाच्या मूल्यांशी न जुळणारा आदेश न्यायालय तपासू शकते. हरकत मुदतीत देऊनही तुम्हाला सुनावणीच दिली नाही, तर ती तक्रार न्यायालयात मांडण्यासारखी आहे. सुनावणी होऊन मागणी फेटाळली गेली, एवढ्यावर स्थगिती मिळण्याची आशा धरू नका. शहरावर मार्च 2022 मध्ये प्रशासक आला आणि 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेच स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला आहे. एका इमारतीसाठी कोणतेही न्यायालय ही निवडणूक थांबवणार नाही. सी विंगच्या 24 घरांची वर्गणी काढून तो खर्च करावा, असे मला वाटत नाही.

हरकत मान्य झाली तरी काम संपत नाही. अंतिम रचनेनंतर विधानसभेची यादी प्रभागांनुसार फोडली जाते, आणि इथे वेगळी चूक होते. विधानसभेच्या एका यादी भागात तुमच्या तिन्ही विंगची नावे एकत्र असतील. काही नोंदींत नुसते सोसायटीचे नाव असते, विंग नसते, काहींत घर क्रमांकच नसतो. कर्मचारी अंदाजाने नावे वाटतात आणि नवरा एका प्रभागात, बायको दुसऱ्यात असे होते. रेषा बरोबर असूनही मत चुकीच्या प्रभागात जाते. म्हणून प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की पहिल्याच दिवशी दोन्ही प्रभागांच्या याद्या घ्या आणि सी विंगच्या 24 घरांची नावे एकेक करून तपासा. चुकीच्या प्रभागात गेलेले किंवा विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेले नाव या टप्प्यावर दुरुस्त होते. त्यासाठी मतदाराचा विधानसभा यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक लागेल. तिन्ही विंगमधून ही माहिती आत्ताच एका वहीत लिहून घ्यायला सुरुवात करा. यादीवरच्या हरकतीची मुदत थोडीच असते, आणि तेव्हा निम्मे लोक गावी गेलेले असतात.