गच्ची एक, माणसं सहाशे

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी जळगावात २५ मजली इमारत घेतली आहे. खाली दुकानं, मग ऑफिसं, वर १५० फ्लॅट. पश्चिमेला पूर्ण काच, प्रत्येक बाल्कनीत झाडं, गच्चीवर सोलर आणि पावसाच्या पाण्याची साठवण. सर म्हणतात, पर्यावरणपूरक म्हणतेस तर आकडे दाखव. कुठून सुरुवात करू?
– विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : गच्चीपासून कर. उंच इमारतीत माणसं मजल्यांच्या हिशेबाने वाढतात, गच्ची तेवढीच राहते. तुझी गच्ची हजार चौरस मीटर धरू. जळगावचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. वाया जाणारं वजा करता साडेपाच लाख लिटर हाती लागेल. आता १५० घरांत ६०० माणसं, माणशी १३५ लिटर हे शहरी माप, म्हणजे रोजचे ८१ हजार लिटर. अख्ख्या पावसाळ्याचं पाणी सात दिवसांत संपलं! बंगल्याला जे जमतं ते इथे जमत नाही. साठव, बोअरच्या पुनर्भरणाला सोड, पण ते प्रबंधाच्या पहिल्या पानावर मिरवू नकोस.

तिथे अंघोळीचं पाणी येऊ दे. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात. अंघोळीचं नि धुण्याचं सांडपाणी शुद्ध करून फ्लशला दिलं, की रोजचे २७ हजार लिटर वाचले, वर्षाचे ९८ लाख. पावसाच्या सतरापट! त्यासाठी प्रत्येक संडासाला वेगळी पाइपलाइन पहिल्या नकाशातच हवी. फरशा बसल्यावर कोणी भिंत फोडू देत नाही.

सोलरचंही तेच. अर्धी गच्ची पॅनलला दिलीस तर सुमारे ५० किलोवॉट बसतील, दिवसाला २०० युनिट. उरलेल्या अर्ध्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची मशीनरूम, आणि उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया वाळवायला येणाऱ्या बायका. (त्यांना मनाईचा बोर्ड लावणार असशील तर तुझ्या इमारतीत खान्देशी माणूस राहत नाही असं मी समजेन.) आता खर्च बघ. एवढं पाणी ८० मीटर वर चढवायला किती वीज लागत असेल? पंपाची घट धरूनही दिवसाला पस्तीस-चाळीस युनिट. तेवढं सोलर आरामात भागवेल. खरी खादाडी एसीची. घरटी एक एसी रात्रभर चालला तरी आठ-दहा युनिट, दीडशे घरांचे बाराशे ते पंधराशे. सोलर त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शालाही जेमतेम पुरतं. म्हणजे वीज कमावण्याआधी ऊन अडवायला हवं.

म्हणूनच पश्चिमेची काच मला सोसवत नाही. आपण २१ अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही सावली देतो. पश्चिमेला चार वाजताचं ऊन तिरपं आत घुसतं, तिथे छज्जा काय करणार? इमारत पूर्व-पश्चिम लांब कर, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतील आणि पश्चिमेला फक्त आखूड भिंत राहील. त्या भिंतीला जिने, लिफ्ट, डक्ट लाव. तापू देत त्यांना, तिथे कोणी झोपत नाही. एवढ्यावरही पश्चिमेला खिडकी हवीच असेल तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा ही उंच इमारत बघ, १९८३ सालची. तिथे समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेलाच, मग त्यांनी घरं आत ढकलली आणि पुढे दोन मजले उंचीच्या ओसऱ्या ठेवल्या. इको निवास संहिता २०१८, म्हणजे घरांतली ऊर्जा वाचवण्यासाठीची केंद्राची नियमावली, भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घालते. तो हिशेब काचेसह आणि काचेविना, दोन्ही मांड. सर गप्प होतील.

बाल्कनीतली झाडं तू मिलानच्या बॉस्को व्हर्टिकालेवरून घेतली असणार, २०१४चे ते मनोरे. मिलानमध्ये वैशाख नसतो, बेटा. शिवाय वजन बघ. घराच्या स्लॅबवर आपण चौरस मीटरला २०० किलो भार धरतो. एक मीटर खोल ओली माती सुमारे १८०० किलो. नऊपट! तेवढं सिमेंट-लोखंड ओतून कार्बन वाचवायचा, हे गणित मला तरी सुटत नाही. कडुनिंब खाली जमिनीत लाव, दुकानांसमोर. गिऱ्हाईक सावलीत थांबतं.

आणखी एक. नकाशात रेफ्यूज फ्लोअरवर तू कॅफे दाखवला असशील, सगळे दाखवतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे २४ मीटरवर आणि पुढे दर १५ मीटरला ही जागा आगीच्या वेळी थांबण्यासाठी सोडायची असते. ती मोकळीच ठेव.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त. मुलगा जळगावात ११व्या मजल्यावर फ्लॅट घेतोय. बिल्डर बाहेर कूलर लावू देत नाही, दर्शनी बाजू खराब होते म्हणतो. सौभाग्यवती एकदाच बघून आल्या आणि म्हणाल्या, "हाई घर नही, भट्टी शे." काय करावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, वहिनींचं निदान मला पटतं. आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथे खरोखर काम करतो आणि एसीपेक्षा कितीतरी कमी वीज खातो. पण त्याला बाहेरची हवा आत घ्यायला एक खिडकी आणि आतली बाहेर जायला समोर दुसरी वाट लागते. एकाच बाजूला उघडणाऱ्या फ्लॅटमध्ये कूलर नुसता दमटपणा करतो. खान्देशात मनोरा बांधून कूलरला कट्टा, नळ आणि निचरा न देणाऱ्याला मी आर्किटेक्ट म्हणायला तयार नाही. विटेच्या जाळीआड कट्टा दिला तर दर्शनी बाजूही बिघडत नाही.

बुकिंगआधी मेमध्ये संध्याकाळी सात वाजता जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. आपल्या धाब्याच्या घरांची जाड मातीची भिंत ऊन आत यायलाच रात्र करायची. सहा इंची काँक्रीटची भिंत संध्याकाळपासून घरात तापते. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची, असेल तर बरं. झोपायची खोली पश्चिमेला असेल तर दुसरा फ्लॅट मागा.

प्रश्न : खाली दुकानं, वर घरं अशी सहा मजली इमारत बांधतोय. तळमजल्यावर हॉटेल चालेल का?
– व्यापारी, शहादा

उत्तर : चालेल, धूर गच्चीच्या वर सोडणारा स्वतंत्र डक्ट आजच काढणार असाल तर. नंतर तो कोणाच्या तरी बेडरूममधून जातो. घरांचा जिना आणि लिफ्ट दुकानांपासून वेगळी, दारही वेगळ्या रस्त्याला. आणि दुकानाला रुंद जागा लागते, घराला खिडकीजवळची अरुंद. शिकागोचं १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर (हे त्याचं २०१८पर्यंतचं नाव) याच कारणाने वर निमुळतं होत जातं: खाली दुकानं, पार्किंग, ऑफिसं, वर घरं. त्याचे इंजिनिअर फझलूर खान ढाक्याचे. तुमच्या सहा मजल्यांना निमुळतेपणा नको, पण खालच्या दुकानाचे खांब वरच्या खोल्यांच्या भिंतीत बसतात का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया खणायच्या आधी बघून घ्या. काळी माती असेल तर मातीची तपासणीही त्याच आठवड्यात.