पदार्थांची नावं नंतर, आधी टंचाई ठरव

खेळाडू पात्रं होऊन गोष्ट खेळतात, त्या खेळासाठीच्या तुझ्या काल्पनिक जगाचा नकाशा झाला, देव झाले, आता तिथल्या पदार्थांना चमत्कारिक नावं देत बसू नकोस. आधी ठरव, तिथं काय मिळत नाही. आपलं कोकणच बघ ना. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मासेमारी पुन्हा सुरू, आणि घरी गुळाचा नारळीभात. हवामानातून साठवण, साठवणीतून सण. आइसलँडमध्ये पूर्वी सरपण कमी, त्यामुळे समुद्राचं पाणी आटवून मीठ करणं अवघड होतं. मग मांस दह्याच्या आंबट निवळीत मुरवायचे. (ड्रॅगनचं मटण मात्र नको, फार झालं ते!) खेळताना जेवणाचं लांबलचक वर्णन टाळ. यजमानाने आधी कोणाला वाढलं, कोणाचं पान वेगळं मांडलं, एवढंच सांग. का, ते खेळाडू विचारतीलच.