इक्सीचं भ्रूण आधी की आयव्हीएफचं?

प्रश्न : माझं वय ३३. मिस्टरांचा वीर्य-रिपोर्ट किंचित कमी होता, म्हणून निम्म्या स्त्रीबीजांना इक्सी (बीजात सुईने शुक्राणू सोडणं) केलं आणि निम्मी साध्या आयव्हीएफला (डिशमध्ये आपोआप फलन) ठेवली. आता इक्सीची तीन आणि आयव्हीएफचं एक, अशी चार भ्रूणं गोठवली आहेत. सासूबाई म्हणतात, इक्सीला जास्त पैसे मोजलेत, तर आधी तीच घ्या. त्यांचं बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. जादा पैसे गेले ते फलन हमखास व्हावं म्हणून, आणि ते काम झालेलं आहे. साध्या पद्धतीत बीज भोवतालच्या पेशींसकट हजारो शुक्राणूंबरोबर डिशमध्ये ठेवतात. इक्सीत त्या पेशी काढून, फक्त पक्व बीजात सुईने एकच शुक्राणू सोडतात. १६ ते १८ तासांनी दोन्हीकडे एकच गोष्ट बघतात : बीजात दोन केंद्रकं दिसतात का. तिथून पुढे भ्रूणाची वाट सारखीच.

व्हिएतनाममध्ये शुक्राणू ठीक असलेल्या १,०६४ जोडप्यांच्या चाचणीत (२०२१) पहिल्या ट्रान्सफरनंतर (भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर) बाळ झाल्याचं प्रमाण इक्सीत ३५, आयव्हीएफमध्ये ३१ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या हिशोबात हा फरक धरत नाहीत. चीनमध्ये शुक्राणूंचा दोष तीव्र नसलेली २,३८७ जोडपी घेतली (२०२४). तिथे बाळ झाल्याचं प्रमाण इक्सीत ३३.८, आयव्हीएफमध्ये ३६.६ टक्के. शुक्राणू फारच कमी असतील तर मात्र इक्सीला पर्याय नाही.

तेव्हा फाइलमध्ये पद्धत नको, ग्रेड (भ्रूणाचा दर्जा) बघा. '४एबी' म्हणजे : आकडा भ्रूण किती फुगलंय त्याचा, पहिलं अक्षर बाळ होणाऱ्या पेशींचं, दुसरं वार होणाऱ्या पेशींचं. ग्रेड सारखी असेल तर सहाव्या दिवशीच्या आधी पाचव्या दिवशी गोठवलेलं घ्यावं. आयव्हीएफचं ते एकच भ्रूण सरस असेल तर पहिला मान त्याचा.

खरी चूक होते ती प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तारखेत. गोळ्यांच्या सायकलमध्ये (औषधांनी गर्भाशय तयार करतात तेव्हा) साधारण १० ते १४ दिवस इस्ट्रोजेन हे संप्रेरक देतात, गर्भाशयाचं अस्तर ७ मिलिमीटर किंवा जास्त झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं आणि पाच दिवस पूर्ण झाले की ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवस वाढवलेलं भ्रूण) सोडतात. पहिला डोस चुकला तर गप्प बसू नका, लगेच फोन करा. ट्रान्सफरचा दिवस सरकवता येतो. नंतर थोडं डाग लागलं म्हणून औषध मनाने बंद करू नका. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक सायकलबद्दल (स्वतःच्या पाळीच्या चक्रात भ्रूण सोडणं) जरूर विचारा. गोळ्यांच्या सायकलमध्ये बीज फुटत नाही, पीतपिंड (बीज फुटल्यावर त्या जागी होणारी, प्रोजेस्टेरॉन देणारी ग्रंथी) बनत नाही, आणि अशा गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त दिसतो.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये एकाही बीजाचं फलन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बीजांना इक्सी केलं आणि एक भ्रूण सहाव्या दिवशी गोठवलं. ते घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घ्यावं, पण आशा बेताची ठेवून. असं भ्रूण ताजंच सोडलं तर ते मागे आणि अस्तर पुढे, अशी गत होते. गोठवल्याने ती चुकामूक टळते. एक दिवस थांबून बीज शिळं झालेलं असतं, त्याला मात्र इलाज नाही. पुढच्या वेळी थेट इक्सीबद्दल आधीच बोलून ठेवा.