कृष्णवर्णीय वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या ग्रँट अर्जात ओव्हरहेड किती दाखवावा?

तुमचा प्रश्न: "अमेरिकेत एका कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेत मी स्वयंसेवक आहे. ग्रँटचे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलंय. अर्ज कुठे करावेत, आणि ओव्हरहेड किती कमी दाखवला तर ग्रँट मिळते?"

'किती कमी' हे दोन शब्द वाचले आणि झोप उडाली.

कमी दाखवू नका. ओव्हरहेड म्हणजे संस्था चालवण्याचा खर्च, तो जेवढा आहे तेवढा दाखवा. भाडं, विमा, हिशेबनिसाची फी, संस्था चालवणाऱ्या माणसाचा पूर्ण पगार, सगळं. मी एकदा तो आकडा स्वतःच्या हाताने खाली आणला होता, आणि त्याची भरपाई दुसऱ्या बाईने केली, म्हणून एवढं ठासून सांगते.

मी सीपीए, म्हणजे तिकडची सीए आहे, मेरीलँडमध्ये बावीस वर्षं झाली. पश्चिम बॉल्टिमोरमधल्या एका संस्थेची मी बिनपगारी खजिनदार होते. शाळा सुटली की चर्चच्या तळघरात चाळीसेक मुलं यायची. गणित, वाचन आणि गरम जेवण. दोन बायका पूर्णवेळ, तिघं अर्धवेळ. संस्थेच्या संचालिका त्याच गल्लीत वाढलेल्या, तेव्हा ५४ वर्षांच्या. कुठलं पोर आज घरून उपाशी आलंय हे त्यांना त्याच्या चालण्यावरून कळायचं.

२०१८ मध्ये ७२ हजार डॉलरची सरकारी ग्रँट मंजूर झाली. अर्जाचं बजेट मी केलं होतं. आमचा ओव्हरहेड खरा म्हणजे २६ टक्के होता. बोर्डावरचे एक गृहस्थ म्हणाले, दहाच्या वर दिसला तर अर्ज बाजूला पडेल. मी तो दहावर आणला. संचालिकेचा पगार निम्मा लावला, हिशेब मी फुकट करत होते म्हणून तिथे शून्य, आणि तळघर चर्चचं म्हणून भाडंही शून्य. शिवाय ग्रँट रिइम्बर्समेंटची होती: आधी खर्च करा, बिलं पाठवा, मग पैसे. करारात हे स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी तो वाचला होता. वर्षाला काही कोटी डॉलर फिरवणाऱ्या संस्थेला याचं काही वाटत नाही. आमच्या खात्यात नऊ हजार होते.

पहिलं बिल ऑक्टोबरात गेलं. एका टाइमशीटवर सही राहिली म्हणून परत आलं. पुन्हा पाठवलं, तोवर तिथला तपासणारा माणूस बदलला होता. पहिला चेक मार्चमध्ये आला. मधल्या काळात एकही पगार चुकला नाही, कारण संचालिका खात्यात पैसे भरत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरचेच आहेत, चेक आला की परत घेईन." मी वहीत 'कर्ज, संचालक' अशी नोंद केली आणि पुढे गेले.

मार्चअखेर त्यांचं टॅक्स रिटर्न भरायला घेतलं तेव्हा कागदांत एक १०९९-आर, म्हणजे निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढल्याचा कर-फॉर्म, निघाला. नोव्हेंबरात त्यांनी निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतून ३१ हजार डॉलर काढले होते. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढले की दहा टक्के दंड, वर आयकर. दंडाचे ३,१०० डॉलर मी माझ्या हाताने त्या रकान्यात लिहिले. त्या समोर बसून चहा पीत होत्या.

बँकेत का नाही गेल्या? गेल्या होत्या. तारण मागितलं. तारण म्हणून त्यांच्याकडे आईचं जुनं रो-हाऊस, आणि त्या गल्लीतल्या घराला किंमत नाही. ती का नाही, हे बॉल्टिमोरला राहणाऱ्याला माहीत असायला हवं. कुठल्या ब्लॉकवर गोऱ्यांनी राहायचं आणि कुठल्या ब्लॉकवर कृष्णवर्णीयांनी, हे ठरवणारा कायदा याच शहराने १९१० मध्ये केला. असे कायदे सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये मोडीत काढले, तर १९३७ मध्ये सरकारी गृहकर्ज मंडळाच्या नकाशावर या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या. लाल म्हणजे इथे कर्ज धोक्याचं. दुसऱ्या वस्तीतल्या संचालिकेने घरावर लाइन ऑफ क्रेडिट काढून पाच महिने सहज तारले असते. आमच्या बाईंना म्हातारपण मोडावं लागलं.

२०२० मध्ये ब्रिजस्पॅन ही सल्लागार संस्था आणि सामाजिक उपक्रमांना पैसा देणारी एकोइंग ग्रीन यांचा अहवाल आला. एकोइंग ग्रीनकडे आलेल्या अर्जदारांत, कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्या नेतृत्वाच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी होतं. अटींविना वापरता येईल असा साठा मात्र ७६ टक्क्यांनी कमी. पहिल्या आकड्यावर लोक बोलतात. मला दुसरा टोचतो, कारण पगाराचा दिवस त्या साठ्यावर निघतो.

हे सगळं मी २०२१ च्या दिवाळीत माझ्या दिरांना सांगितलं होतं. त्यांच्याकडे देणगी मागितली, तर त्यांनी आमचा फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचं वार्षिक करविवरण, उघडून बघितला आणि म्हणाले, "वहिनी, साठ टक्के पगारातच जातात की! आपल्याकडे लोक फुकट राबले म्हणून संस्था उभ्या राहिल्या." भाऊजी, तेव्हा पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले. माझे वडील ३१ वर्षं रयतच्या शाळेत शिक्षक होते. मुष्टिफंडाची मूठमूठ ज्वारी घराघरातून आली हे खरं, पण ती आली ती मुलं जेवावीत म्हणून, शाळा चालावी म्हणून. शिक्षकाला पगार लागायचाच, आणि त्याच पगारावर मी शिकले. मुलांना गणित शिकवणारा माणूस हाच तर कार्यक्रम आहे. तो पगार 'वरखर्च' कसा?

आणि वस्तीने स्वतः काही केलं नाही, हे तर कुणी बोलूच नये. सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने १९३२ पर्यंत दक्षिणेकडच्या १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५ हजार शाळा झाल्या, मेरीलँडमध्येही. अट अशी की गावाने आपला वाटा उचलायचा. त्यांनीही भरलेल्या करातून त्यांच्या शाळांना पुरेसं मिळत नव्हतंच, तरी त्या लोकांनी पुन्हा खिशातून ४७ लाख डॉलर जमवले, म्हणजे रोझेनवाल्ड फंडाने दिले त्याहूनही जास्त. आजही अर्जात 'मॅच', म्हणजे संस्थेचा स्वतःचा वाटा, मागतात तेव्हा मला तेच आठवतं. मॅच मागितली असेल तर स्वयंसेवकांचे तास आणि फुकट मिळालेली जागा धरता येते का, हे आधी विचारा. बहुतेक सरकारी ग्रँटमध्ये धरता येते.

आता तुमचा प्रश्न. शहर लिहिलेलं नाही, म्हणून नावं देत नाही. तुमच्या भागातल्या कम्युनिटी फाउंडेशनपासून (स्थानिक देणग्या गोळा करून स्थानिक संस्थांना देणारी संस्था) सुरुवात करा. प्रत्येक खासगी फाउंडेशनचा ९९०-पीएफ, म्हणजे त्यांचं करविवरण, सार्वजनिक असतो, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर फुकट वाचता येतो, आणि कुणाला किती दिले याची यादी त्यात असते. तुमच्याएवढ्या संस्थेला त्यांनी कधी दिले नसतील तर अर्जावर दोन आठवडे घालवू नका. सरकारी पैसा फेडरल असेल, राज्यामार्फत आला तरी, आणि तुमचा ठरवून घेतलेला दर नसेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंत इनडायरेक्ट खर्च, म्हणजे हाच ओव्हरहेड, लावता येतो. आधी तो दहा होता. कुणी "आम्ही पाचच देतो" म्हणालं तर नियम दाखवा.

'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' असे शब्द अर्जात टाकण्याआधी मात्र वकिलाला विचारा. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना २० हजार डॉलरची ग्रँट देत होता. १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली त्यांच्यावर दावा झाला, जून २०२४ मध्ये अपील कोर्टाचा निकाल विरोधात गेला, आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती ग्रँट बंद झाली. मुक्त गुलामांच्या हक्कांसाठी केलेला कायदा असा वापरला गेला याचा मला संताप येतो, पण तुमच्या संस्थेला कोर्टाची फी परवडणार नाही. झिप कोड, शाळा, कुटुंबाचं उत्पन्न लिहा.

आणखी एक. पैसा आला की वस्ती सुधारते असं मी म्हणत नाही. पश्चिम बॉल्टिमोरच्याच सँडटाउन-विंचेस्टर वस्तीत १९९० च्या दशकात १३ कोटी डॉलरहून जास्त पैसा आला, घरं झाली, नोकऱ्या आल्या नाहीत. पगार नीट देऊनही वाईट चालणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. तुमची तशी असेल तर माझं वरचं सगळं तिला लागू नाही.

करारावर सही करायच्या आधी आगाऊ रक्कम मागा. फेडरल नियमांत (२ सीएफआर २००.३०५) त्याची सोय आहे, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि एक कागद करा: पुढचे बारा महिने, प्रत्येक पगाराच्या तारखेला खात्यात किती असतील. चेक पाच महिने उशिरा येणार असं धरून. मला तो कागद करायला अर्धा तास लागला असता. मी तो केला नव्हता.