आरोग्य प्रश्नोत्तरे : प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते तेव्हा

मुलांच्या मेंदूज्वरावरील लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर नागपूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रे थोडक्यात येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दिवाळीनंतर अचानक तिची झोप उडाली, ती कारण नसताना ओरडू लागली आणि आठवड्याभरात तिचे बोलणे थांबले. तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेरची बाधा वाटली. आम्ही तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले आणि झटका आल्यावर त्यांनीच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत ‘एनएमडीए’चा आजार निघाला. आता ती बोलते, सायकल चालवते, पण पाढे विसरली आहे आणि वर्गात तिचे लक्ष लागत नाही. तिच्या मेंदूला कायमची इजा झाली का? आमचे काही चुकले का? हे पुन्हा होईल का?
— एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, आपल्या हातून काही चुकल्यामुळे हा आजार झालेला नाही. खाण्यातले काही, अभ्यासाचा ताण किंवा कोणाचे रागावणे यांतून तो होत नाही. ज्या मनोविकारतज्ज्ञांनी झटका येताच तिला पुढे पाठवले, त्यांनी योग्य तेच केले.

मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देतात ते पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या ग्राहींच्या (रिसेप्टरच्या) साहाय्याने. ‘एनएमडीए’ हा त्यांपैकी एक ग्राही असून शिकणे आणि लक्षात ठेवणे त्याच्यावर फार अवलंबून असते. या आजारात शरीर त्याच ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिने (अँटीबॉडी), तयार करते. ती ग्राहींना चिकटली, की पेशी आपले ग्राही आत ओढून घेते आणि पृष्ठभागावरची त्यांची संख्या घटते. पेशी स्वतः मात्र बहुतेक वेळा जिवंत राहते. महिनोन्महिने बेशुद्ध असलेली मुले उठून शाळेत जाऊ शकतात, त्यामागचे कारण हेच आहे. २०१५ मध्ये बार्सिलोना येथील संशोधकांनी रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातील प्रतिपिंडे उंदरांच्या मेंदूत दोन आठवडे सोडली. उंदरांची स्मृती कमी झाली, आणि प्रतिपिंडे देणे थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. प्रतिपिंडे हेच आजाराचे कारण आहे आणि त्यांचा परिणाम माघारी फिरू शकतो, या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगातून पुढे आल्या. पालकांना धीर देताना मला या प्रयोगाचा फार आधार वाटतो.

हा आजार वैद्यकशास्त्रालाही नवा आहे. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याची ओळख पटवली, तेव्हा तो अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये दिसला होता. पुढे कळले, की मुलांनाही तो होतो आणि लहान मुलांमध्ये बहुधा गाठ सापडत नाही. तरीही मुलींच्या पोटाची तपासणी करावी लागते, कारण गाठ असल्यास ती काढणे हा उपचाराचाच भाग असतो.

२०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण १८ वर्षांखालील होते. दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ८१ टक्के चांगले सुधारले होते, आणि आजार उलटण्याचे प्रमाण दोन वर्षांत सुमारे १२ टक्के होते. उपचार लवकर सुरू झालेल्यांची प्रगती अधिक चांगली होती. मात्र ‘चांगले सुधारले’ याचा अर्थ चालणे-फिरणे आणि स्वतःची कामे करता येणे एवढाच त्या मोजपट्टीत धरलेला आहे. लक्ष टिकणे, लवकर न थकणे, नवे शिकलेले लक्षात राहणे या गोष्टी तीत येत नाहीत, आणि नंतरच्या अभ्यासांत नेमक्या याच अडचणी मुलांमध्ये दीर्घकाळ आढळल्या. म्हणून तिचे पाढे विसरणे हा आळस समजू नये. सुधारणा दीड-दोन वर्षे चालू राहते. त्या काळात गृहपाठ कमी करणे, परीक्षेला जादा वेळ देणे आणि दुपारी विश्रांती देणे यांसाठी डॉक्टरांचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे, आणि वर्षभराने स्मृती व अवधानाची रीतसर चाचणी करून घ्यावी. पुन्हा सलग काही दिवस झोप उडाली किंवा वागणे बदलले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तिला दाखवावे.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातवाला तापानंतर गुंगी आली आणि पाय लटके पडले. ‘एडेम’ (मेंदू व मज्जारज्जूचा दाह) असे निदान झाले, रक्तात ‘मॉग’ (चेतातंतूंच्या आवरणातील एका प्रथिनाविरुद्धची) प्रतिपिंडे निघाली, आणि स्टेरॉइडने तो बरा झाला. लसींमुळे असे होते, असे एका परिचितांनी सांगितल्याने त्याच्या वडिलांनी पुढच्या सगळ्या लसी थांबवल्या आहेत. आमच्या मोहल्ल्यात कुत्री फार आहेत. काय करावे?
— निवृत्त शिक्षक, धंतोली

उत्तर : गुरुजी, आपल्या परिचितांच्या बोलण्यात एका जुन्या सत्याचा अंश आहे, म्हणून तो नीट सांगते. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आपल्या पिढीला आठवत असतील. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे ती तयार केली. विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवून, कार्बोलिक आम्लाने निष्क्रिय करून, त्या मेंदूचाच द्राव टोचला जात असे. मेंढीच्या चेतातंतूंवरील मायलिन या आवरणाविरुद्ध काही जणांच्या शरीरात प्रतिकार उभा राही आणि तो त्यांच्या स्वतःच्या मायलिनवर उलटे. काही रुग्णांना त्यातून लकवा झाला, काही दगावले. हे असे का होते याचा शोध घेताना १९३३ मध्ये टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा द्राव वारंवार टोचला, आणि कोणताही जंतू नसताना माकडांच्या मेंदूत दाह झाला. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर हल्ला करू शकते, याचा प्रयोगशाळेतील पुरावा त्यातून मिळाला, आणि आज आपल्या नातवाच्या आजाराबद्दल जे कळले आहे त्याची एक मुळी तिथपर्यंत जाते.

ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची रेबीजची लस पेशीसंवर्धनातून बनते. तिच्यात मेंदूचा अंश नसतो. म्हणून कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस द्यावी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे. रेबीज झाल्यावर त्याला उपचार नाही, त्यामुळे येथे थांबण्यास काहीही जागा नाही, आणि हे आपण आपल्या चिरंजिवांना निक्षून सांगावे.

इतर लसींचे वेळापत्रक मात्र त्याच्या डॉक्टरांकडून आखून घ्यावे. स्टेरॉइड मोठ्या मात्रेत चालू असताना गोवरासारख्या जिवंत लसी पुढे ढकलतात. आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांचे शिरेतून द्यायचे औषध) दिले असल्यास गोवराची लस साधारण ११ महिने लांबवतात, कारण त्या औषधातील प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात. हे पुढे ढकलणे आहे, रद्द करणे नव्हे. ‘मॉग’चा आजार पुष्कळ मुलांना एकदाच होऊन जातो. काही महिन्यांनी रक्ताची तपासणी पुन्हा करावी. प्रतिपिंडे नाहीशी झाली असल्यास आजार उलटण्याची शक्यता कमी असते. ती टिकून राहिली, तरी आजार उलटेलच असे नाही.

प्रश्न : चांदिपुरा विषाणू नागपूरच्याच परिसरात सापडला, असे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मुलाला झटके आले, तर हा विषाणू की प्रतिकारशक्तीचा आजार, हे लगेच का ओळखता येत नाही? आणि माझ्या पुतण्याला दिलेले महागडे आयव्हीआयजी खरोखर सिद्ध झालेले औषध आहे का?
— विज्ञान शिक्षक, काटोल

उत्तर : होय, १९६५ मध्ये नागपूरच्या तापाच्या साथीतील रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला, आणि तेथील चांदिपुरा या ठिकाणावरून त्याला हे नाव मिळाले. वालुमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू मुलाला ताप आल्यापासून एक-दोन दिवसांतच बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. प्रतिकारशक्तीचा आजार बहुतेक वेळा काही दिवस ते काही आठवडे घेऊन वाढतो. हा वेग आणि लक्षणांचा क्रम ही निदानाची पहिली खूण असते, आणि ती फक्त घरचेच सांगू शकतात. झोप कधी उडाली, बोलणे कधी कमी झाले, झटका त्याआधी आला की नंतर, हे तारखेनिशी लिहून आणणाऱ्या पालकांमुळे निदान कितीतरी सोपे होते. पहिल्या दिवसांत एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो आणि प्रतिपिंडांच्या अहवालाला वेळ लागतो. म्हणून आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात व त्यानंतर, हर्पिस विषाणूसाठी असायक्लोव्हिर आणि स्क्रब टायफससाठी (कीटकदंशातून होणाऱ्या एका जिवाणूज्वरासाठी) डॉक्सिसायक्लिन अहवालापूर्वीच सुरू करणे योग्य ठरते. कॅलिफोर्नियातील २०१२ च्या अहवालात, ३० वर्षांखालील ज्या ७९ रुग्णांच्या मेंदूज्वराची कारणे मांडली होती, त्यांपैकी ३२ जणांना ‘एनएमडीए’चा आजार होता, कोणत्याही एका विषाणूपेक्षा हे प्रमाण जास्त होते. तेथील आकडे विदर्भाला तसेच्या तसे लावू नयेत, कारण आपल्याकडे जपानी मेंदूज्वर, चांदिपुरा आणि स्क्रब टायफस आहेत.

शिवाय या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्याही नाहीत. स्पेनमधील २०१८ च्या अभ्यासात हर्पिसच्या मेंदूज्वरातून उठलेल्या ५१ रुग्णांपैकी १४ जणांना पुढील तीन महिन्यांत प्रतिकारशक्तीचा मेंदूविकार झाला. जपानी मेंदूज्वरानंतरही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणून मेंदूज्वरातून सावरलेले मूल महिनाभराने पुन्हा बिघडले, हातपाय वेडेवाकडे हलवू लागले, तर ‘जुन्याच आजाराचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता औषधाबद्दल. आयव्हीआयजी मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे एकूण दोन ग्रॅम या हिशेबाने देतात. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम. असंख्य रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून ते बनते, म्हणून महाग आहे. रुग्णसमूहांच्या पाठपुराव्यातून त्याचा आणि स्टेरॉइडचा लाभ दिसला आहे, तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही ते आहे, आणि मी स्वतः ते देते. परंतु चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडून, औषध आणि बिनऔषधी द्राव यांची मुलांमध्ये तुलना करणारी मोठी चाचणी पूर्ण झालेली नाही. ब्रिटनमध्ये ‘इग्नाइट’ नावाची अशी चाचणी सुरू झाली होती. ३०८ मुले घेण्याचे ठरले असताना १८ मुलांवरच ती निधीअभावी थांबली. मला याचे फार वाईट वाटते, कारण दर वर्षी घराघरांतून एवढा पैसा ज्या औषधावर खर्च होतो, त्याचे उत्तर मिळवण्यासाठी निधी मिळू नये हे योग्य नाही. आपल्या पुतण्याला ते दिले यात चूक काहीच नाही. गंभीर आजारात उपलब्ध पुराव्यावर निर्णय घ्यावाच लागतो. स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी यांनी सुधारणा दिसली नाही, तर रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाकडे वळण्यास फार उशीर करू नये, असे वर सांगितलेल्या २०१३ च्या अभ्यासानंतरचे मत आहे. खर्चाबाबत, शासकीय योजनेत कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा असून सुरुवातीपासूनच उशिरा बोलतो. स्वमग्नता असल्याचे सांगितले आहे. आम्ही बाहेरून रक्ताची तपासणी केली, तीत ‘एनएमडीए’ किंचित पॉझिटिव्ह आले. आयव्हीआयजी द्यावे का?
— एक वडील, कामठी

उत्तर : आपण लिहिलेल्या माहितीवरून, नाही. हा आजार सुदृढ मुलात अचानक सुरू होतो. जन्मापासूनच्या संथ वाढीचे ते कारण नसते. रक्तातील किंचित पॉझिटिव्ह निष्कर्ष निरोगी व्यक्तींमध्येही येतो. २०२० मध्ये मुलांसाठी ठरवलेल्या निकषांत आधी लक्षणे पाहिली जातात आणि प्रतिपिंडांचा विचार त्यानंतर होतो. ‘एनएमडीए’साठी पाठीतल्या पाण्याची तपासणी अधिक विश्वासार्ह असते, ‘मॉग’साठी मात्र रक्ताची. मुलाचे आलेले बोलणे गेले असेल, झटके येत असतील किंवा झोपेत झालेला बदल अलीकडचा असेल, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांकडून ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) करून घ्यावा. तसे नसेल, तर आयव्हीआयजीसाठी जमवलेले पैसे वाचाउपचार आणि व्यवसायोपचार यांसाठी ठेवावेत, आणि ते उपचार याच महिन्यात सुरू करावेत.