किलिमांजारोसाठी पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज घ्यावं की आठ दिवसांचं महाग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 48, सह्याद्रीत नेहमीचं जाणं-येणं, येत्या फेब्रुवारीत टांझानियातला किलिमांजारो करायचं ठरतंय. एका कंपनीने मारंगू वाटेने पाच दिवसांचं पॅकेज दिलंय, दुसरीने लेमोशो वाटेने आठ दिवसांचं, आणि दुसरं जवळजवळ दीडपट महाग आहे. हे जास्तीचे पैसे कशाचे, गाइड घ्यायलाच हवा का, शाकाहारी माणसाच्या जेवणाचं काय, आणि गुडघे साथ देतील का?

गाइडचा प्रश्न चटकन सुटतो. 1991 पासून तिथे परवानाधारक गाइडशिवाय चढायला परवानगीच नाही. गेटवर नोंद होते, पुढे प्रत्येक कॅम्पवर वहीत सही करावी लागते. त्यामुळे गाइड घ्यायचा की नाही हा प्रश्न उरत नाही. कोणता घ्यायचा, हा उरतो. त्याकडे येतेच.

आधी दिवसांचं. माझं मत स्पष्ट आहे: आठ दिवसांचं घ्या. पैसे कमी पडत असतील तर एक वर्ष थांबा, पण पाच दिवसांत जाऊ नका.

मारंगूचं पाच दिवसांचं गणित मांडून बघा. गेट साधारण 1,870 मीटरवर. पहिली रात्र मंदारा हटवर, 2,720 मीटर. दुसरी होरोंबोला, 3,720. तिसरी किबो हटला, 4,720, आणि तीही पुरती रात्र नाही, कारण अकराच्या सुमाराला उठवून बारापर्यंत वर काढतात. म्हणजे लागोपाठ दोन दिवस झोपायची उंची हजार-हजार मीटरने वाढली, आणि त्यावर लगेच आणखी पावणेबाराशे मीटरची चढाई. डॉक्टर सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा. पाच दिवसांच्या मारंगूत यातलं काहीच बसत नाही. त्याच वाटेने सहा दिवसांचा पर्याय असतो, त्यात होरोंबोला एक रात्र जास्त मिळते. तो बरा, पण तरी घाईचाच.

लेमोशोसुद्धा हा नियम तंतोतंत पाळत नाही, हे आधीच सांगते. पहिली रात्र जंगलात म्टी म्कुब्वा कॅम्पला, साधारण 2,650 मीटरवर, आणि दुसरी शिरा वनला, 3,500. ही उडी मोठीच आहे. पण खरी गंमत त्यानंतर आहे. शिरा टू 3,850, मग बारांको 3,960, मग करांगा 4,000. तीन रात्री जवळजवळ एकाच उंचीवर. शिवाय बारांकोला जायच्या दिवशी आधी लाव्हा टॉवरपर्यंत, 4,600 मीटरवर चढवतात, तिथे जेवायला घालतात आणि सहाशे मीटर खाली उतरवून झोपवतात. त्या दिवशी दुपारी बहुतेकांचं डोकं ठणकतं आणि बारांकोला पोचेपर्यंत उतरतं. शरीराला वरची चव दाखवून खाली आणायचं, हेच त्या दिवसाचं काम. त्यानंतर बाराफू, 4,670 च्या आसपास, आणि तिथून मध्यरात्री शिखराकडे.

या जादा रात्रींत शरीर नेमकं करतं काय? विरळ हवेत श्वास आपोआप जलद होतो, त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कलीकडे झुकतं. मग मेंदू श्वासाला लगाम घालायला लागतो, विशेषतः झोपेत. मूत्रपिंडं हा समतोल परत आणतात, पण त्यांना काही दिवस लागतात. लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात, त्या आठ दिवसांत कामाला येत नाहीत. म्हणून तुम्ही सिंहगड किती मिनिटांत चढता याचा इथे फारसा संबंध नाही. उलट दमसास चांगला असलेली तरुण मुलं भराभर चालतात आणि तीच आधी आजारी पडतात. उहुरू या किलिमांजारोच्या सर्वोच्च टोकावर, 5,895 मीटरवर, दर श्वासाला समुद्रसपाटीच्या साधारण निम्माच ऑक्सिजन मिळतो, मग वय 25 असो की 48.

आणि ही आजची हुशारी नाही. या डोंगराच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले ते जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर, ऑक्टोबर 1889 मध्ये. मायर 1887 मध्येही आला होता आणि बर्फाच्या भिंतीपाशी पोचून परत फिरला होता. 1889 ला त्याने वेगवेगळ्या उंचीवर तळ टाकले आणि खालून हमाल तिथे अन्न पोचवत राहिले, म्हणजे एक प्रयत्न फसला तर पायथ्यापर्यंत उतरायला नको, वरच थांबून पुन्हा जाता येईल. त्याने वरचा मुक्काम लांबवला आणि त्याला शिखर मिळालं. तो मुक्काम पेलला होता त्या हमालांच्या खांद्यांनी, हे विसरायला नको.

हमालांवरूनच आता पैशांकडे येऊ, कारण दीडपट फरकाचं उत्तर इथे आहे. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाची फी डॉलरमध्ये आणि दिवसागणिक असते: प्रवेशाचे दिवसाला 70, तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला 50, बचावकार्याचे एकदा 20, आणि या सगळ्यावर 18 टक्के कर. आठ दिवस आणि सात रात्री धरल्या तर सुमारे 1,100 डॉलर नुसते उद्यानाला जातात. पाच दिवसांच्या मारंगूला, हटचे रात्रीला 60 धरून, सुमारे 720. दर बदलत असतात, तेव्हा ताजे कंपनीकडून लेखी मागवा. पण हिशेब करायची रीत हीच. जी कंपनी आठ दिवस 1,400-1,500 डॉलरमध्ये देते, तिच्याकडे उद्यानाची फी भरून काय उरतं? त्यात गाइड, स्वयंपाकी, दर माणशी तीन-चार हमाल, सगळ्यांचं जेवण, गाडी, तंबू. काटकसर कुठे होणार हे उघड आहे: हमालाच्या मजुरीत, त्याच्या ताटात, त्याच्या झोपायच्या जागेत.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. करांगाला रात्री बाहेर पाऊल टाकलं की जमीन कडकडीत गोठलेली असते. तिथे दुसऱ्या एका गटाचा एक हमाल मुलगा कापडी बुटांत उभा होता, चेन तुटलेलं जाकीट एका हाताने घट्ट धरून. आमच्या गटातल्या हमालांना चामडी बूट होते, दिवसातून तीनदा जेवण होतं, आणि गेटवर काट्याला टांगून प्रत्येकाचं ओझं तोललं जायचं. मर्यादा 20 किलोची आहे, त्याच्या स्वतःच्या सामानासकट. मोशी गावात किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे. ती हमालांना गरम कपडे फुकट वापरायला देते आणि मजुरी, जेवण, ओझं यांचे निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. तुमची कंपनी त्या यादीत आहे का ते बघा. यात तुमचाही स्वार्थ आहे. जी कंपनी हमालाच्या पोटाला चिमटा काढते, ती गाइडच्या प्रशिक्षणावर आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवर खर्च करेल यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आता गाइड. चांगला गाइड ओळखायचा तो संध्याकाळी. आमचा मुख्य गाइड डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या चाग्गा समाजातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. जेवणाआधी प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा वहीत लिहायचा, पण आकड्यावर त्याची फारशी भिस्त नव्हती. बाराफूला ऑक्सिजन ऐंशीच्या घरात दिसतो, त्याचं त्याला काही वाटत नसे. तो विचारायचा की जेवलीस का, झोप लागली का, लघवी किती वेळा झाली. आणि मग जेवणाच्या तंबूबाहेर सपाट जागेवर एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावायचा. जो डुलतो त्याच्या मेंदूला सूज येत असू शकते, आणि त्याच्यावर खाली नेणं हाच पहिला इलाज.

शिखराच्या रात्री आमच्यातला एक तिशीचा मुलगा, गटात सगळ्यात दणकट, वाटेत काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. गाइडने त्याला थांबवलं, आईचं नाव विचारलं, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तो त्र्याण्णवावर अडला आणि चिडला. गाइडने वाद घातला नाही. एका सहायक गाइडला त्याच्याबरोबर दिलं आणि दोघांना तिथूनच खाली धाडलं. बाराफूच्याही खाली उतरवल्यावर दुपारपर्यंत तो नीट बोलत होता. पैसे भरलेला, महिनोन्महिने तयारी केलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत पाठवायला अधिकार लागतो आणि धाडसही. म्हणून कंपनीला हे जरूर विचारा की शिखराच्या रात्री किती जणांमागे एक गाइड असतो. दोघांमागे एक असेल तर उत्तम. अख्ख्या गटाला दोनच गाइड असतील, तर एकाला खाली न्यायची वेळ आली की बाकीच्यांपाशी एकच उरतो.

त्या रात्रीबद्दल फार भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. वर उणे दहा ते उणे वीस अंशांपर्यंत थंडी असते. पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या तासाभरातच गोठते, तेव्हा रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. टॉर्चचे जादा सेल अंगालगतच्या खिशात. चाल इतकी हळू असते की पहिल्या अर्ध्या तासात वैताग येतो, पण तो वेग मोडू नका. स्टेला पॉइंटला, 5,756 मीटरवर, विवराचा काठ लागतो आणि तिथून उहुरूपर्यंतची वाट सौम्य आहे. डाव्या हाताला हिमनद्यांच्या उभ्या भिंती दिसतात. 1912 पासून त्यांतला ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेला आहे. उरलेल्या भिंती नीट बघून घ्या.

गुडघ्यांची तुमची काळजी रास्त आहे, आणि ती चढण्यापेक्षा उतरण्याची आहे. शिखरावरून त्याच दिवशी म्वेका कॅम्पला, 3,100 मीटरवर आणतात. 2,800 मीटरची उतराई, म्हणजे कळसूबाईवरून बारीत उतरायचं आणि तेही एका दिवसात तीनदा. म्हणून सराव करताना उतरण्याकडे लक्ष द्या. कळसूबाई, राजगड, हरिश्चंद्रगड लागोपाठच्या दिवशी करा, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, हातात दोन काठ्या घेऊन. काठ्या उतरताना वापरायची सवय इथेच लागायला हवी. बारांकोच्या कड्याचे फोटो पाहून घाबरला असाल तर सांगते, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या माणसाला तो कडा अजिबात जड जाणार नाही. हात लावून चढायचं, दोर लागत नाही.

जेवणाची अडचण येत नाही, फक्त बुकिंगच्या वेळीच शाकाहारी म्हणून लिहून द्या. सूप, भात, डाळी-घेवड्यांची उसळ, भाज्या, फळं मिळतात. चपातीही मिळते, जाडसर आणि तेलावर भाजलेली. प्रश्न येतो तो भूक मरण्याचा. चार हजारांच्या वर अन्नाचा वाससुद्धा नकोसा होतो. तेव्हा मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं जवळ ठेवा, गरम भातावर ते कालवलं की चार घास जातात. सामान भरताना प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. टांझानियात 2019 पासून त्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या वापरा.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोनदा जास्त उठावं लागतं, पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. ती गोळी मात्र दिवसांची भरपाई करत नाही. विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे हे वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतो. फेब्रुवारी निवडलात ते बरं केलंत. आपल्याकडचे लोक सुट्ट्या बघून दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात जातात, आणि तिथे नोव्हेंबरात छोटा पावसाळा असतो, मार्च ते मे मोठा.

तेव्हा उद्या आठ दिवसांवाल्या कंपनीला मेल टाका. उद्यानाची फी नेमकी किती, हमालाला रोजची मजुरी किती, टिप त्यांच्या हातात कशी पोचते, शिखराच्या रात्री गाइड किती, ऑक्सिजन कोण वाहतो. लेमोशोवर गाइड पाठवणाऱ्या चांगल्या कंपनीकडे या सगळ्याचे आकडे तयार असतात आणि दोन दिवसांत उत्तर येतं. उत्तर गुळमुळीत आलं तर तिसरी कंपनी शोधा, फेब्रुवारीला अजून वेळ आहे.